चार नंबरचा लंगडा ठोका

१

डिसेंबर १९९९ मधला सोमवार. सकाळचे साडेदहा. योगेंद्रनं कपाटातून डबी काढली, तिच्यातली कॅसेट काउंटरवरच्या टेपमध्ये घातली, बटण दाबलं, आणि आम्ही दोघं पाच मिनिटं नुसती सूंऽ सूंऽ ऐकत बसलो.

"भैयाजी," तो म्हणाला, "हे माही कॅसेट नोहे."

डबी त्याचीच होती. वरचं पांढरं लेबल आणि त्यावर निळ्या शाईनं घातलेला आकडाही त्याचाच. आतली कॅसेट मात्र कोणीतरी बदलली होती. तिच्या जागी माझ्याच फळीवरची एक कोरी कॅसेट ठेवलेली होती.

योगेंद्रनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "मयुरी पाचच्या बसनं नागपूरले जाते," तो म्हणाला. ते मला माहीत होतं, म्हणूनच माझीही पाचावर धारण बसली होती.

आता तुम्हाला थोडं मागचं सांगायला हवं. वर्ध्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान. लोक गाण्यांची यादी आणतात, मी कॅसेट भरून देतो. योगेंद्र सहा वर्षांपासून माझ्याकडे भरायचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातली मयुरी नावाची मुलगी एक कॅसेट घेऊन आली. तिचा मावसभाऊ जर्मनीत रेकॉर्डच्या दुकानात कामाला. दर महिन्याला तिथे टेक्नो नावाच्या यांत्रिक संगीताच्या ज्या नव्या रेकॉर्डी येत, त्या तो टेप करून हिला धाडी. मी कॅसेट लावली. दोन मिनिटं धडधड ऐकली आणि विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

"काका, हेच गाणं आहे," मयुरी म्हणाली.

मला वाटलं, पोरीला अभ्यासाचा ताण झालाय. पण कान हा मोठा लबाड अवयव आहे. दोन-चार महिन्यांत मला कळायला लागलं की सगळी धडधड सारखी नसते. एका शहरातली कोरडी, लोखंडी. ऐकताना दात शिवशिवतात. दुसऱ्या एका गावची इतकी बारीक की घड्याळजीच्या दुकानात बसल्यासारखं वाटावं. एका प्रकारात ठोका विहिरीत पडतो आणि सावकाश वर येतो. आणि अमेरिकेत मोटारींचे कारखाने बंद पडले त्या गावातून येणारा टेक्नो मला सगळ्यात आवडे. त्यात यंत्रंच उदास होतात, आणि आपल्यालाही उगाच कोणाची तरी आठवण येते. या रेकॉर्डींवर ना फोटो ना नाव. पांढरा कागद आणि एक आकडा, बस. मयुरी म्हणे, "यालाच अंडरग्राउंड म्हणतात, काका." मी म्हणे, "आमच्याकडे अंडरग्राउंड फक्त गटार असतं, आणि तेही अर्धंच."

योगेंद्र मात्र या आवाजांनी झपाटला. त्याचे वडील तानबाजी सेलूच्या एका जिनिंगमध्ये फिटर. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. नोव्हेंबरात हा पोरगा बापाचा डबा द्यायच्या निमित्तानं तिथे गेला आणि चार नंबरच्या जिनीला, म्हणजे तिथल्या सरकी काढायच्या मशीनला, माइक चिकटवून तिचा आवाज टेप करून आला. त्या टेपचा हातभर तुकडा कापून त्यानं दोन्ही टोकं जोडली, म्हणजे आवाज गोल गोल फिरत राहिला. वर एका ऑर्केस्ट्राकडून घेतलेला जुना कीबोर्ड. झालं अकरा मिनिटांचं काम: धप्, धप्, धप्, धप्-ठक. चौथा ठोका जरा लंगडायचा. त्या लंगडण्यातच सगळी जादू होती.

मयुरीनं त्याची कॉपी भावाला धाडली. तिकडच्या एका छोट्याशा कंपनीचं पत्र आलं: आम्ही याची रेकॉर्ड काढतो, मूळ कॅसेट पाठवा, कॉपीत खरखर आहे, आणि महिनाअखेरपर्यंत हातात आली तरच. मावसभाऊ बहिणीच्या लग्नाला नागपूरला आलेला होता. मंगळवारी सकाळी त्याचं परतीचं विमान. टेपचा गोल तुकडा केव्हाच तुटलेला, पुन्हा तसं काही जमत नव्हतं. म्हणजे मूळ आवाज साऱ्या जगात त्या एकाच कॅसेटवर होता, आणि ती गेली होती.

२

चोर कोण, हे मला पाच मिनिटांत कळलं. मला नेहमीच पाच मिनिटांत कळतं आणि नेहमीच चुकीचं कळतं, पण ते मागाहून.

समोरच राकेशची साउंड सर्व्हिस. लग्नात, वरातीत हा भिंतीएवढे स्पीकर लावतो. महिनाभर तो योगेंद्रच्या मागे लागला होता, "तुहा तो ठोका मले दे, वरात हालवून टाकतो." मी तरातरा रस्ता ओलांडला आणि सरळ विचारलं, "कॅसेट कुठे आहे?"

"कोनती कॅसेट?"

मी सांगितलं. राकेशनं हातातली वायर खाली ठेवली.

"भैयाजी, काल मी हिंगणीले होतो. लग्नात. सातशे लोकं साक्षीले हायेत, त्यातले तीनशे अजून बहिरे असतीन. अन् मले पाहिजे असती तं मी डबीसकट नेली असती. डबी ठेवून आतली कॅसेट काऊन नेऊ? अन् वरतून कोरी काऊन ठेवू? चोर एवढा सभ्य असते काय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. याचाच मला जास्त राग आला.

"पोट्ट्याचं काम झालं पाहिजे पन," मागून राकेश म्हणाला. "गाडी लागली तं सांगजा. डिझेल टाकून ठेवतो."

मी तोंड पाडून परत आलो. आणि बघतो तर मागच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत शकुंतलाबाई मेश्राम माझ्या मोठ्या स्पीकरसमोर उकिडव्या बसल्या होत्या, चश्मा कपाळावर आणि नाक लाकडाला टेकलेलं.

"भैयाजी," मान न वळवता त्या म्हणाल्या, "इथं कोनीतरी स्पीकरले टोचलं हाये."

३

शकुंतलाबाईंनी तीस वर्षं सेवाग्रामच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासले. निवृत्तीनंतर त्या दर सोमवारी माझ्याकडे गाणी भरून घ्यायला येतात आणि माझ्या खुर्चीत बसून माझ्याच चुका काढतात. कोण काय बोलतो यापेक्षा कोण काय ऐकतो, हे त्यांना आधी दिसतं. योगेंद्रनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"इकडे या. कशाले हात लावू नका."

स्पीकरच्या खोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढा नवा खड्डा होता. माझा मोठा स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगलेला असतो, तो खाली पडला होता.

"आता आवाजाचं बटन पाहा." ते पूर्ण वर होतं. खर्जाचंही पूर्ण वर. "योगेंद्र, तू असं ठेवतोस?"

"नाई बाई. स्पीकर फाटन ना."

"अन् हा आकडा?"

आतल्या टेपवर आकड्यांची पट्टी असते. टेप जसजशी पुढे सरकते तसतसा आकडा वाढतो. योगेंद्रला सवय अशी, की काम संपलं की तो आकडा शून्यावर आणून ठेवायचा. आता तिथे २१७ होता.

"म्हणजे चोरानं चोरण्याआधी ऐकलं," मी म्हणालो.

"लवकर समजलं तुम्हाले," बाई म्हणाल्या. "दुकानाची चावी काल कुठं होती?"

रविवारी चावी शेजारच्या प्रमिलाबाईंच्या दारातल्या खिळ्याला असते. प्रमिलाबाई ब्लाउज शिवतात. गल्लीत सगळ्यांना तो खिळा माहीत आहे, त्यामुळे तिला चावी म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे. शकुंतलाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"दुपारी मशीनवर होती मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुमच्याइकडून धपधप सुरू झाली. भिंत हाले. मले वाटलं योगेंद्र हाये. पन थोडं वाजे, थांबे, मांगं जाये, पुन्हा तेच वाजे. अर्धा घंटा तेच ते! डोकं उठलं माहं. मंग मी वरडली, कोन हाये? तीनदा वरडली. धपधप बंद होती तेव्हा बी वरडली. ओ नाई की ठो नाई."

"चोर ओ कशाला देईल?" मी म्हणालो.

"पन चोर पळून बी नाई गेला ना," शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या. "ही बाई तीनदा वरडली, अन् तो नंतर बी आरामात वाजवत राह्यला. हो ना?"

"हो. अजून दहा मिनिटं तरी."

शकुंतलाबाईंनी चश्मा डोळ्यांवर घेतला. त्यांचा चेहरा एकाएकी मऊ झाला, आणि मला वाटलं यांना काहीतरी कळलंय. पण त्या एवढंच म्हणाल्या, "त्या मुलीले बोलवा."

४

मयुरी सायकलवरून धापा टाकत आली. प्रवासाची पिशवी पाठीवरच होती. बातमी ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मी लगेच तिच्यावर संशय घेतला. रेकॉर्ड निघाली की योगेंद्र कुठेतरी दूर जाईल, ही भीती तिला नसेल कशावरून? पोरगी दर दुपारी टेक्नो ऐकायला येते की टेक्नो भरणाऱ्याला बघायला, हे मी काही लहान मूल नाही न कळायला.

"या कॅसेटची तुझ्याकडे कॉपी आहे?" बाईंनी विचारलं.

मयुरी लाल झाली. "आहे."

"मले नाई सांगितलं!" योगेंद्र म्हणाला.

"विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "रात्री वाचताना लावते. रोज."

मला दुसरीकडे बघावं लागलं. बाईंनी मात्र कॉपी घेतली, शून्यापासून लावली आणि आकड्यांवर नजर ठेवून बसल्या. कीबोर्ड आला, गेला. ठोका दाट झाला, विरळ झाला. २०० च्या आसपास सगळं एकेक करून बाजूला झालं आणि जिन एकटी उरली. धप्, धप्, धप्, धप्-ठक. २१७ ला बाईंनी बटण दाबलं.

"पाहा. ज्याले गाणं पाहिजे तो सारं गाणं ऐकते. ज्याले इकायचं हाये तो ऐकत बी नाई, खिशात टाकते. हा मानूस फक्त इथं थांबला, जिथं नुसती मशीन हाये. अर्धा घंटा." त्या योगेंद्रकडे वळल्या. "या कॅसेटचं घरी माहीत हाये तुह्या?"

"आईले माहीत हाये. बाबाचं अन् माहं बोलनं नाई."

"भांडन?"

"भांडन बी नाई बाई." त्यानं खाली पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलून खिळ्याला टांगला. "तीन साल झाले. मी काई विचारलं का भलतंच सांगते, नाई तं उठून चालले जाते. या कॅसेटचं बी सांगितलं मी. तोंडाकडे पाह्यलं माह्या, अन् गेले उठून. त्याइले माहं कामच आवडत नाई."

शकुंतलाबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला.

"राकेशले म्हना गाडी काढ. आपल्याले सेलूले जायचं हाये. तुह्या बाबाच्या जिनिंगमदी."

योगेंद्र जागचा हलला नाही. "बाबानं नेली? जाळून टाकाले नेली काय?"

बाई तोवर रस्ता ओलांडायला लागल्या होत्या.

५

राकेशच्या गाडीत स्पीकरच्या खोक्यांमध्ये बसून आम्ही सेलूला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. नागपूरची बस तिथूनच जाते, म्हणून मयुरीही सोबत होती. जिनिंगच्या फाटकातून आत शिरलो आणि आम्ही सगळेच थबकलो.

ऐन हंगामात जिनिंग बंद होती. चोवीस जिनी एका रांगेत मुक्या उभ्या. कामावरच्या बाया बाहेर उन्हात बसलेल्या, केसांत कापसाची रुई. आत चार नंबरच्या जिनीखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"बाबा!" योगेंद्र ओरडला आणि धावला. पाय हलले नाहीत. तो गुडघ्यावर बसला, त्यानं हलवलं, तेव्हा तानबाजी सरकत बाहेर आले, हाताला काळं ग्रीस. मुलाला बघून ते दचकले आणि त्यांची नजर एकदम शेठजींच्या गादीकडे गेली. तिथे एक टेपरेकॉर्डर होता. कॅसेट त्याच्यातच होती.

"तुमची हाये काय हे?" शेठजी म्हणाले. "सकाळी सात वाजता आला हा. म्हणते, चार नंबर बंद करा, बेअरिंग फुटून राह्यली. आठ दिवसांपासून तेच म्हणे, मी म्हणे शीजन हाये, तुले भास होते. आज टेपच लावली समोर. मी ऐकलं तं खरंच, दर चौथ्या फेऱ्याले ठक! चोवीस मशिनी चालतात तेव्हा कोनाले ऐकू येते ते? खोलली. पाहा तुम्हीच."

त्यांनी दाखवलेली बेअरिंग तापून निळी-काळी पडली होती. कडेला आरपार तडा. भोवतालची रुई करपलेली होती.

"माह्या हातापासून वीतभर होती ते," सुलोचनाबाई म्हणाल्या. चार नंबरवर कापूस टाकायचं काम त्यांचं. "ठिणगी उडाली असती तं आमी साऱ्या आतमदी होतो."

योगेंद्रनं कॅसेट काढून हातात घेतली. फीत शाबूत होती. त्यानं ती मयुरीच्या हातात दिली, पण बघत मात्र तो बापाकडे होता.

"मले सांगाचं ना," तो म्हणाला. "मी देली नसती काय?"

तानबाजींनी त्याच्या ओठांकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "हो, ऊन हाये आज."

६

"भैयाजी," शकुंतलाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "शेठले बोलण्यात गुंतवा." मी शेठजींना सरकीच्या भावाविषयी असा एक प्रश्न विचारला की ते दहा मिनिटं थांबले नाहीत. माझं लक्ष मात्र मागच्या कडुलिंबाकडे होतं, तिथे बाई बापलेकांना आणि बाकीच्यांना घेऊन गेल्या होत्या. शेवटी शेठजींना चहा सांगायला धाडलं आणि मीही तिकडे गेलो.

बाई योगेंद्रला सांगत होत्या. "प्रमिलाबाई तीनदा वरडली, त्यानं ऐकलंच नाई. आवाजाचं बटन पूरं वर. अन् स्पीकरले स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानामागच्या हाडाले. बेअरिंग तपासाची हीच रीत हाये फिटर लोकाइची. तीस साल मी बी तेच केलं, हाडाले यंत्र लावून. तेव्हाच समजलं मले, की हा फिटर हाये, अन् त्याले ऐकू येत नाई. कोरी कॅसेट ठेवली, म्हणजे परत आणून ठेवाचं मनात होतं. शेठ रविवारी भेटला नसन, म्हणून सोमवार उजाडला."

योगेंद्र बापाकडे बघत राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तीन वर्षं एका घरात राहून त्याला जे कळलं नाही ते एका खड्ड्यानं सांगितलं.

मग बाई तानबाजींच्या जवळ सरकल्या आणि खालच्या, जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तानबाजी. कधीपासून?"

त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी आधी शेठच्या गादीकडे बघून घेतलं.

"तीन साल झाले बाई. कोनाले सांगू नका. बहिऱ्या फिटरले कोन ठेवते? जाडे आवाज येतात मले, बारीक नाई येत. याचा आवाज बारीक, आईवानी. ओठ हालताना दिसते, आवाज नाई." ते मुलाकडे बघत नव्हते. "लोकं म्हणत, तुह्या पोराचं गानं जर्मनीले चाललं. मी म्हटलं, काय करते तरी हा? सगळ्याइसमोर ऐकाले बसलो असतो तं बहिरेपन उघडं पडलं असतं. म्हणून काल गेलतो, खिळ्यावरची चावी घेऊन. फुल आवाज केला. अन् बाई, सारं ऐकू आलं. पहिल्या ठोक्यापासून सारं. तीन सालात पहिल्यांदा पोराचं काईतरी मले ऐकू आलं. मंग माही चार नंबर आली. आठ दिवसांपासून हाताले जाणवत होतं, ते आता कानानं ऐकलं. म्हटलं, हे तं लंगडून राह्यली."

मी सरळ सांगतो, मला रडू आलं. मयुरी आधीच रडत होती. राकेश नाक पुसत होता आणि रुईला शिव्या देत होता.

तानबाजींना विचारून शेठला बाईंनीच सगळं सांगितलं आणि निस्तरलंही. शेठनी कुरकुर केली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याच्याच कानानं आज तुमची जिनिंग वाचवली. मी त्याले सेवाग्रामले नेऊन कानाले यंत्र लावून देतो. तुम्ही फक्त गप बसा." शेठ गप बसले. मयुरी पाचच्या बसमध्ये फाटकाजवळच चढली. मार्चमध्ये रेकॉर्ड निघाली, तीनशे नग, पांढऱ्या लेबलावर फक्त आकडा. मयुरीच्या भावानं लिहिलं की तिथल्या एका तळघरात ती लागते तेव्हा लोक चौथ्या ठोक्याची वाट बघत हवेत पाय धरून ठेवतात. इकडे चार नंबर तेव्हापासून सरळ चालते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बस गेल्यावर बापलेक कडुलिंबाखाली बसून होते, मध्ये हातभर अंतर. शकुंतलाबाई योगेंद्रच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"वरडू नको," त्या म्हणाल्या. "वरडलं का आवाज अजून बारीक होते. खाली आन. पोटातून बोल."

योगेंद्र बापाजवळ सरकला. दोनदा घसा खाकरला. मग असा जाड, ओबडधोबड आवाज काढला की एरवी मी पोट धरून हसलो असतो.

"बाबा, जेवले काय?"

तानबाजी हाताचं ग्रीस पुसत होते, ते थांबले.

"अजून एकडाव म्हन," ते म्हणाले.

योगेंद्रचा चेहरा पडला. "ऐकू नाई आलं काय?"

"आलं," तानबाजी म्हणाले. "म्हणून तं सांगून राह्यलो. अजून एकडाव म्हन."